कडी नसलेलं दार

१

जनार्दनच्या घरी संडासाच्या दाराला कडी होती, पण ती कधी धड लागत नसे आणि तिच्यावाचून कोणाचं अडतही नसे. दाराशी गेलं की खाकरायचं. आत कोणी असेल तर त्यानं आतून खाकरायचं. उत्तर आलं नाही की दार ढकलायचं. बांधापलीकडं आडोशाला जायचे दिवस होते, तेव्हापासूनची ही रीत. पुढं चार भिंती आल्या, वर पत्रा आला, तरी रीत तीच राहिली.

लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. माणसाचं चालणं बदलतं, बोलणं बदलतं, पण खाकरणं बदलत नाही, असं जनार्दनला वाटे. त्याचं स्वतःचं दोनदा तुटक आणि मग एकदा लांब. तुळजाबाईचं एकदाच, पण भरलेलं, शेवटाला जरा वर चढणारं. त्यात शब्द नव्हते, तरी जनार्दनला ते ऐकू येत. ‘हाय, हाय. दम धरा जरा.’

माले गावात, पौडहून येणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला त्यांचं घर. पुढं एक खोली, मधे स्वयंपाकघर, मागं पडवी, आणि पडवीच्या टोकाला संडास. चार वर्षांपूर्वी तुळजाबाईचे गुडघे गेले, तेव्हा त्यांच्या मुलानं, राजूनं, भूगावहून एक माणूस पाठवून एका दुपारात कमोड बसवून दिला होता. दोन वर्षांतच त्याच्या बुडाशी पाण्याची एक बारीक रेघ दिसायला लागली. पुसली की तासाभरात पुन्हा यायची.

“लावणी उरकली की बघू,” जनार्दन म्हणाला होता. एका वर्षी म्हणाला, दुसऱ्या वर्षीही म्हणाला. दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात तुळजाबाईचा पाय त्या रेघेवरून सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं.

पुण्याला ऑपरेशन झालं. मग छाती भरली. सहा दिवस घशात नळी होती. दसऱ्याच्या आधी ती घरी आली तेव्हा वॉकर धरून उभी राहत होती, पण आवाज त्या नळीबरोबर गेल्यासारखा झाला होता. बोलली की वाळक्या पानावर पाय पडावा, तेवढंच ऐकू यायचं. डॉक्टरांनी पुष्कळ सांगितलं. जनार्दनच्या ध्यानात एकच राहिलं. “आता पुन्हा पडायचं नाही, बाबा. दुसऱ्यांदा पडल्या तर उठायच्या नाहीत.”

घरी आल्या दिवशी त्यानं संडासाच्या दाराची कडी उपटूनच टाकली. चुकून लागली आणि ती आत पडली, तर दार फोडेपर्यंत वेळ जायला नको. कमोडच्या बुडाशी गोणपाट अंथरलं. ती आत गेली की हा बाहेर उभा राहायचा आणि थोड्या थोड्या वेळानं खाकरायचा. आतून ते वाळक्या पानाचं खाकरणं आलं की त्याच्या जिवात जीव यायचा.

पौषातली गोष्ट. सकाळी साडेसहाचा सुमार. तुळजाबाई पुढच्या खोलीत दोन गोधड्या घेऊन झोपली होती. जनार्दन मागं गेला आणि सवयीनं दाराशी खाकरला. दोनदा तुटक, एकदा लांब.

आतून उत्तर आलं. एकदाच. भरलेलं, शेवटाला जरा वर चढणारं.

जनार्दननं मग जन्मभर केलं तेच केलं. दोन पावलं मागं सरला, अंगणाकडं तोंड केलं, हाताची घडी घातली आणि वाट बघत उभा राहिला. चांगला वेळ गेला. समोरच्या आंब्यावर ऊन उतरायला लागलं, तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की तुळजाबाई आत नाही. ती पुढं झोपली आहे.

२

त्यानं दार ढकललं. आत कोणी नव्हतं. कमोड, बादली, बादलीच्या कडेवर उपडं घातलेलं पत्र्याचं टमरेल. राजूनं दोनदा प्लास्टिकचा मग आणून दिला होता, पण तुळजाबाईला टमरेलच लागायचं.

गोणपाट चिंब झालं होतं. ते पिळावं म्हणून त्यानं उचललं आणि हातात धरून थांबला. पाणी कोमट होतं.

त्यानं नळ सोडून बघितला. नळाचं पाणी बोटं कापून टाकील इतकं गार. चूल अजून पेटलेली नव्हती. घरात पाणी तापवायचं दुसरं काही नव्हतं. त्यानं बुडाच्या रेघेत पुन्हा बोट बुडवलं. नुकतंच कोणाच्या तरी हातातून सांडल्यासारखं, अंगाइतकं कोमट.

जनार्दन चौथी शिकलेला माणूस. पण शेतात सगळं आयुष्य गेलेलं, त्यामुळं कारण शोधल्याशिवाय तो काही सोडत नसे. पायपात हवा अडकली की आवाज होतो. शेजारच्या वाड्याकडून कोणाचा आवाज वाऱ्यावर आला असेल. आपले कान बाहत्तर वर्षांचे आहेत. पाणी कोमट का, याला मात्र त्याला काही सापडलं नाही. ते त्यानं बाजूला ठेवून दिलं.

पुढच्या खोलीत येऊन त्यानं तुळजाबाईकडं बघितलं. तोंड जरासं उघडं, श्वास बारीक, पण चालू.

दुसऱ्या दिवशी तो दारापासून चार पावलं लांब उभा राहून खाकरला. काही नाही. त्याला बरं वाटलं. तो वळला, आणि पाठीमागून ते आलं. घाईघाईनं. थांबवून ठेवलेल्या माणसानं द्यावं तसं.

तिसऱ्या दिवशी त्याला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण पोटात. वर छातीत काही निराळंच होत होतं. श्रावणापासून त्यानं तो आवाज ऐकला नव्हता. तुळजाबाई तिकडं गोधडीत होती, जिवंत होती, त्याच्या हातानं पेज पीत होती. पण हा आवाज तिच्याहून जास्त तिचा होता. स्वयंपाकघरातून शेतापर्यंत हाक मारणारी, पावसात खाचरात उभी राहून बायांना हसवणारी, त्याच्यावर सगळ्यांदेखत चिडणारी तुळजा त्या एका खाकरण्यात होती.

तो काम नसताना मागं जायला लागला. दिवसातून चारदा. मग पाचदा. पडवीतल्या भाताच्या कणगीला टेकून बसायचा आणि हळूच खाकरायचा. उत्तर दर वेळी जरा लवकर यायचं. एके दिवशी तर त्याचं लांब खाकरणं संपायच्या आतच आलं.

त्या दिवशी तो हसला. नंतर त्याला स्वतःच्या हसण्याचंच कसंतरी झालं.

३

“अवं,” तुळजाबाई म्हणाली. तो तिच्या पायाला तेल चोळत होता. ऐकायला त्याला तोंडाशी कान न्यावा लागला. “तुमी मागं कुणाला खाकरताय सारखं?”

“कुणाला न्हाई. घसा धरलाय.”

“मग गरम पानी प्या की. मला वाटलं, मीच आत हाय.”

ती हसली. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. जनार्दन तेल चोळत राहिला.

दुपारी राजूचा फोन आला. “बाबा, आईला द्या ना.”

जनार्दननं फोन तिच्या तोंडाशी धरला. ती बोलली. पुष्कळ बोलली. जनार्दनला तिचे ओठ दिसत होते.

“बाबा? आईला दिला का फोन?”

“तिच्यापाशीच हाय.”

“काहीच ऐकू येत नाहीये. रेंज गेलीय वाटतं. रविवारी येतो मी, सांगा तिला.”

जनार्दननं फोन बंद केला आणि उकिडवा बसला. तुळजाबाईनं त्याच्याकडं बघून तोंड उघडलं. या वेळी वाळकं पानही वाजलं नाही. तिनं गळ्याला हात लावला. मग डोळे मोठे करून त्याच्याकडं बघितलं.

त्या दिवशी तो सातदा मागं गेला होता. त्यानं मोजलं नव्हतं, पण आता मोजता येत होतं. परवा पाचदा, आणि परवा संध्याकाळपासून तिची हाक स्वयंपाकघरात ऐकू यायची थांबली होती. त्याआधी तीनदा, चारदा, आणि तिचा शब्द दिवसागणिक खाली खाली.

वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात उतरतं तेव्हा खळखळ होत नाही. बांधाला कुठं तरी भोक असतं, एवढंच. सकाळी बघावं तर वरचं खाचर कोरडं आणि खालचं भरलेलं. हे जनार्दनला कोणी शिकवायला नको होतं. इथं भोक म्हणजे आपलंच खाकरणं, तेही त्याला कळलं.

तिला धरून संडासाला न्यायची वेळ झाली, तेव्हा दुसराच घोर लागला. ही आत असेल, पडेल, आणि मी बाहेरून खाकरलो तर उत्तर येईल. चांगलं भरलेलं उत्तर येईल. मी मजेत अंगण बघत उभा राहीन.

“तुळजे, आइक,” तिला आत बसवताना तो म्हणाला. “आता तू खाकरायचं न्हाई. मी खाकरलो की टमरेल वाजवायचं. बादलीवर. दोनदा. म्हंजी मला कळंल तूच हायेस.”

मीच म्हणजे? असं तिनं हातानं विचारलं. मग टमरेल उचलून त्याच्या टकलावर दोनदा वाजवलं. टक, टक.

“व्हय,” जनार्दन म्हणाला. “आसंच.”

तिला परत कॉटवर आणून तो अंगणात गेला आणि पौडला अलाउद्दीनला फोन लावला. नळाचं नि संडासाचं काम करणारा अलाउद्दीन आसपासच्या गावांत सगळ्यांच्या ओळखीचा.

“अलाउद्दीनभाई, कमोड बदलायचाय. उद्याच या.”

“दोन वर्सं गळतोय दादा, मी रस्त्यात भेटलो की सांगतोय. आन आता उद्याच?”

“उद्याच या.”

“वहिनी बऱ्या हायेत न्हवं?”

“तुमी या,” जनार्दन म्हणाला.

४

अलाउद्दीन टेम्पोत नवा कमोड घेऊन आला. पन्नाशीचा, दाढीत सिमेंट अडकलेला, बडबड्या माणूस. आल्या आल्या पुढच्या खोलीत डोकावला.

“वहिनी, सिंव्हासन आणलंय तुमच्यासाटी. दादाला अजाबात बसू देऊ नका.”

तुळजाबाईनं हात उंचावून त्याला मारल्यासारखं केलं.

छिन्नी हातोडा सुरू झाला. कमोडभोवतीचं सिमेंट निघालं, आणि दोघांनी धरून तो उचलला. अलाउद्दीन खाली बघतच राहिला.

“या आल्ला. दादा, हे काय केलंय?”

खाली जुनं भांडं तसंच होतं. उकिडवं बसायचं, दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या खाचा असलेलं. भूगावच्या माणसानं ते काढायचा कंटाळा केला होता. त्याच्याच डोक्यावर कमोड ठेवून कडेनं सिमेंट लिंपलं होतं. चार वर्षं मधे पोकळी राहिली होती, आणि पोकळीत पाणी. भांडं काठोकाठ भरलेलं. पाणी इतकं स्वच्छ, की पायाच्या खाचा मोजता याव्यात. वासही कसला नाही.

अलाउद्दीननं हात घातला आणि झटकन काढला. “कोमट कसं काय वो?”

जनार्दननं ओलं गोणपाट उचलून बाहेर टाकलं.

“खड्ड्याची ऊब वर येत आसंल,” अलाउद्दीननं स्वतःलाच सांगितलं.

जनार्दन चहा टाकायला स्वयंपाकघरात गेला. आधण उकळत होतं तोवर अलाउद्दीन मागच्या दारात येऊन उभा राहिला. कपाळावर घाम होता, एवढ्या थंडीत.

“दादा, वहिनी उठल्यात का?”

“न्हाई. पडून हाय.”

“घरात आनखी बाईमाणूस?”

“कुणी न्हाई. का?”

“धूळ गेली घशात. खाकरलो मी. तर...” त्यानं संडासाच्या दाराकडं बघितलं. “काई न्हाई. पोकळ हाय खाली. आवाज फिरत आसंल.”

त्यानं चहा उभ्या उभ्या घेतला. त्यानंतर तो एकदाही थट्टेचं बोलला नाही. तोंडाला रुमाल बांधून घेतला आणि नुसतं काम करत राहिला.

“हे भांडं फोडायचं का, का तसंच बुजवायचं?”

“फोडा.”

अलाउद्दीननं मोठा हातोडा उचलला.

“जरा थांबा,” जनार्दन म्हणाला. “तुमी घटकाभर बाहेर जाता का?”

अलाउद्दीननं त्याच्याकडं बघितलं, हातोडा भिंतीला टेकवला आणि गेला.

जनार्दन भांड्याशी उकिडवा बसला. आपण काय करतोय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तुळजाबाईपाशी आता देण्यासारखं काही राहिलंच नाही, मग एकदा खाकरून काय होतंय, असं त्यानं मनाला समजावलं. अठ्ठेचाळीस वर्षं ऐकलेला आवाज. उद्यापासून नाही. माणूस गावाला निघालं तरी आपण वेशीपर्यंत जातो.

तो खाकरला. दोनदा तुटक, एकदा लांब.

भांड्यातलं पाणी हललं नाही. आवाज खालून आला नाहीच. तो जनार्दनच्या उजव्या कानाशी आला, शेजारी बसलेल्या माणसानं खाकरावं तसा. ऊब गालाला लागली.

तो धडपडत उठला. “फोडा!” त्यानं बाहेर ओरडून सांगितलं. “फोडा लवकर.”

तिसऱ्या घावाला भांडं तडकलं. पाणी मोठा घोट घेतल्यासारखं एकदम खाली गेलं. दोघंही कान देऊन उभे होते. ते पाणी पुढं पायपात पडायला हवं होतं, खड्ड्यात पडल्याचा आवाज यायला हवा होता. आला नाही.

दुपारनंतर नवा पाइप, नवा कमोड, कडेनं पांढरं सिमेंट, सगळं होऊन गेलं. चुलीतली राख मागून घेऊन अलाउद्दीननं कमोडभोवती आणि पार दारापर्यंत पातळ पसरली.

“आज वापरायचा न्हाई. उद्या सकाळी वापरा, मग बघा. येक थेंब जरी आला तरी राखंवर काळा डाग उठंल. न्हाई उठला तर माझं नाव.” टेम्पोत बसताना तो थांबला. “दादा, मधनं मधनं फोन करा.”

५

सकाळी तुळजाबाईच्या कॉटखाली ओल दिसली. आदल्या दिवशी संडास बंद म्हणून तिला कॉटवरच भांडं द्यावं लागलं होतं, तेच सांडलं असेल, असं जनार्दन म्हणाला. फडक्यानं पुसून घेतलं. फडकं कोमट लागलं. तेही त्यानं भांड्यावरच घातलं.

दहा वाजता अंगणात चांगलं ऊन आलं. त्यानं तिला उठवलं. कॉटपासून संडासापर्यंत तिची चाळीस पावलं व्हायची. आधी वॉकर, मग डावा पाय, मग उजवा. ऑपरेशनचा उजवा पाय जरा आत वळलेला पडायचा. एका हातानं त्यानं तिचा हात धरला होता. हात नळाच्या पाण्यासारखा गार होता.

दाराशी ती थांबली. नव्या पांढऱ्या कमोडकडं बघून तिनं भुवया उंचावल्या.

“सिंव्हासन,” जनार्दन म्हणाला. “राखंवर पाय ठेव बिनघोर. सरकत न्हाई.”

त्यानं तिला बसवलं, मग तिच्या पावलांवर पाय न देता कडेकडेनं मागं सरून दाराशी आला आणि आपल्या पायांची राख हातानं सारखी केली. तिनं टमरेल मांडीवर घेतलं आणि हातानं त्याला हाकललं. जा तिकडं. त्यानं दार लोटून घेतलं. दाराला टेकूनच उभा राहिला.

खाकरला.

टक, टक.

एवढा गोड आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता. दुसरं काहीही आलं नाही. खाली नाही, कानाशी नाही. सुटलो, असं त्याला वाटलं. आवाज गेला तर गेला. टमरेल आहे की. बाकीचं आयुष्य टमरेलावर काढू.

जरा वेळानं पुन्हा खाकरला.

टक, टक.

आणि पुढच्या खोलीतून कोणी तरी खाकरलं. एकदाच. भरलेलं. शेवटाला जरा वर चढणारं.

जनार्दन हलला नाही. घराचं पुढचं दार त्यानं स्वतः आतून लावलं होतं. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. चुलीत फुंकणी फुंकल्याचा आवाज आला. मग आल्याचा वास.

“अवं, ऐकलं का?” तुळजाबाईचा आवाज. श्रावणाआधीचा, शेतापर्यंत पोचणारा. “च्या टाकलाय. या की आता. किती येळ हुबं ऱ्हानार तितं?”

त्याला माहीत होतं. हात दारावर होता, दारापलीकडं त्याची बायको होती, आणि त्याला सगळं माहीत होतं. पण अठ्ठेचाळीस वर्षं या हाकेला जे उत्तर गेलं होतं, ते त्याच्या तोंडातून त्याला न विचारता गेलं.

“आलो,” जनार्दन म्हणाला.

आतून टमरेल वाजलं. टक टक टक टक टक टक. थांबेचना. लहान पोर दार बडवतं तसं.

मग थांबलं.

त्यानं दार ढकललं. वॉकर होता तिथंच होता. टमरेल बादलीच्या कडेवर उपडं, अजून बारीक थरथरत होतं. राख कोरडी होती. एक डाग नव्हता. राखेवर तिची पावलं आत गेलेली दिसत होती, उजवं जरा आत वळलेलं. कमोडपाशी ती वळली होती, आणि दोन्ही पावलं शेजारी शेजारी नीट टेकली होती, बसलेल्या बाईची.

बाहेर येणारं पाऊल नव्हतं.

कमोडमधलं पाणी मात्र हलत होतं.

“च्या गार हुतोय,” मागून हाक आली.

६

रविवारी राजू आला आणि दारातच रडायला लागला. आई चुलीपुढं पाटावर बसून भाकरी थापत होती. वॉकर नाही, काठी नाही. आवाज तर असा, की राजू म्हणाला, “बाबा, काय जादू केलीत? आई पूर्वीपेक्षा ठणठणीत झालीय!” गावातल्या बाया बघून गेल्या. डॉक्टरांनी फोनवर दोनदा विचारून घेतलं. अलाउद्दीन रस्त्यात भेटला. डाग नाही ना, म्हणाला. जनार्दन म्हणाला, नाही. अलाउद्दीननं टेम्पो सुरू केला.

ती वाईट वागत नव्हती. त्याला आधी वाढायची. सगळ्यांदेखत चिडायची. तिचा हात मात्र कोमट असायचा. सकाळी, दुपारी, थंडीत, उन्हात, एकसारखा कोमट. आणि तीन आठवडे झाले, जनार्दननं तिला मागं जाताना बघितलं नव्हतं. एकदाही.

टमरेल त्यानं उचलून घेतलं होतं. त्यानं नाही विचारलं कोणाला, आणि सांगितलंही नाही कोणाला. काय सांगणार? बायको बरी झाली, म्हणून रडायचं?

रोज सकाळी तो टमरेल घेऊन मागं जायचा, नव्या कमोडशी उकिडवा बसायचा आणि एकदा खाकरायचा. मग ऐकत राहायचा. आज बाविसावा दिवस होता. तो खाकरला, वाट बघितली, गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागला.

टक.

खूप खाली. पांढऱ्या सिमेंटच्या, फरशीच्या, मातीच्या खाली.

टक.

जनार्दन तसाच खाली बसला. पडली असेल. अंधारात असेल. बाहेर कोणी उभं आहे का, हेही तिला कळत नसेल. त्याला सांगायचं होतं, हितंच हाय मी, कुटं गेलो न्हाई. त्यानं टमरेल उपडं केलं आणि फरशीवर वाजवलं. टक, टक.

खालून लगेच आलं. टक, टक.

मागं पडवीत पावलं वाजली. दाराबाहेर येऊन थांबली. कडी नव्हतीच. तरी दार कोणी ढकललं नाही. रीत ठाऊक असलेलं माणूस होतं ते.

दाराबाहेर कोणी तरी खाकरलं. भरलेलं, शेवटाला जरा वर चढणारं. आणि आतल्या माणसाच्या उत्तराची वाट बघत उभं राहिलं.

जनार्दनच्या घशात सवयीनं उत्तर चढायला लागलं, तुळजाला घेऊन गेलेल्या त्या ‘आलो’सारखंच. दोनदा तुटक, एकदा लांब. एका हातात टमरेल होतं. दुसऱ्या हाताचा तळवा त्यानं तोंडावर घट्ट दाबून धरला.